पाचवं दार

प्रशिक्षक बाईंनी चौथ्यांदा तिच्या तोंडावर दार आपटलं.

दार खरं होतं, घर मात्र नव्हतं. केंद्राच्या लांबट खोलीत मधोमध एक लाकडी चौकट उभी केली होती. तिला कडी, बिजागऱ्या, साखळी, बेलचं बटणसुद्धा होतं. धर्मप्रचाराला निघणाऱ्या प्रत्येकीने आधी या दारासमोर उभं राहायचं, अशी इथली रीत. पलीकडे बाई कधी घाईतली गृहिणी व्हायच्या, कधी तापट म्हातारा, कधी मान डोलावून सगळं ऐकून घेणारा आणि शेवटी टर उडवणारा कॉलेजातला मुलगा.

“आवाज,” बाई दारामागून म्हणाल्या. “तुम्ही बसमध्ये नाही आहात.”

बाकावर बसलेल्या अकराजणी हसल्या. तिलाही हसू आलं. नऊ वर्षं कंडक्टरकी केलेली. गळा असा कमावलेला की शेवटच्या सीटवर झोपलेला माणूसही आपला थांबा चुकवत नसे. पहिल्याच दिवशी जेवणाच्या रांगेत तिच्या तोंडून ‘पुढे सरका, पुढे सरका’ निघून गेलं आणि तेव्हापासून तिचं नाव कंडक्टरबाई पडलं. नियमाप्रमाणे खरं तर सगळ्यांनी एकमेकींना ‘भगिनी’ म्हणायचं होतं. हा शब्द तिने आजवर फक्त भाषणांच्या सुरुवातीला ऐकला होता. कुणी भगिनी म्हणून हाक मारली की आता तासभर उठता येणार नाही, असंच तिला वाटायचं.

फोन पहिल्या दिवशीच कापडी पिशवीत घालून कपाटात गेला होता. पाचला उठणं, सहाला प्रार्थना, मग पाठांतर. घरी आठवड्याला एकच पत्र. पण सगळ्यांत जड गेला तो जोडीचा नियम. जोडीदारीण कायम नजरेच्या टप्प्यात हवी. न्हाणीघरात गेलं तरी ती बाहेर उभी. दिवसभर माणसांच्या गर्दीत काम केलेल्या बाईला माणसांचं काय वाटणार, असं तिला आधी वाटलं होतं; पण बसमधली माणसं आपापल्या थांब्यावर उतरतात.

तिची जोडीदारीण म्हणजे तुकडीतली सगळ्यांत धाकटी, बावीस वर्षांची. आजी प्रचारक, आईवडील प्रचारक. ग्रंथ तिला तोंडपाठ होता आणि कपड्यांच्या घड्या पट्टीने मापून घातल्यासारख्या असायच्या.

“तुम्ही कशा आलात इकडे?” तिसऱ्या दिवशी भांडी घासताना धाकटीने विचारलं.

“वडील दवाखान्यात होते. आपल्यातल्या दोघी तिथे यायच्या, पेशंटच्या नातेवाइकांची विचारपूस करायला. एकीने मला कुठून तरी मोबाईलचा चार्जर आणून दिला. सव्वा महिन्यात तेवढंच एक काम कुणी माझ्यासाठी केलं होतं. वडील गेले, आणि तिसऱ्या आठवड्यात मी जाऊन अर्ज भरून आले.”

“घरचे काय म्हणाले?”

“आई म्हणाली, एक गेला तो गेला, आता दुसरी पायाने चालत निघाली.” तिने कढईच्या तळावर जोर काढला. “तुझं काय?”

“मला कुणी विचारलंच नाही,” धाकटी म्हणाली. मग जरा थांबून, “म्हणजे, त्यात विचारायचं काय?”

पाचव्या दिवसापर्यंत कंडक्टरबाईचा आवाज निम्म्यावर आला. दार आपटलं तर काय म्हणायचं, कुत्रा अंगावर आला तर कुठे पाहायचं, कुणी वाद घातला तर किती वेळ ऐकायचं, सगळं अंगवळणी पडलं. सहाव्या दिवशी, शनिवारी, त्यांना खऱ्या दारांवर पाठवलं.

तीन-तीन मजल्यांच्या इमारतींची वसाहत होती. पहिलं दार उघडलंच नाही. दुसऱ्या दारातली बाई, काही बोलायच्या आतच, ‘आम्हाला काही घ्यायचं नाही’ म्हणाली. तिसऱ्या घरातल्या माणसाने दोघींना नीट उभं करून त्यांच्याच पंथाची माहिती त्यांना पाच चुकांसकट ऐकवली. चौथ्या दाराने साखळीएवढी फट दिली आणि ते मिटलं. सगळं अगदी शिकवल्याबरहुकूम.

पाचवं दार साठीच्या एका गृहस्थाने उघडलं. शर्टाची बटणं एक घर चुकून लावलेली होती. धाकटीने पाठ केलेलं सुरू केलं. तिसऱ्या वाक्याला तो म्हणाला,

“बरं. येतो मी तुमच्यात. सही कुठे करायची?”

नाही म्हणणाऱ्यांचे सतरा प्रकार दोघींनी गिरवले होते. हो म्हणणारा त्यांत एकही नव्हता. आधी सावरली ती धाकटी. तिचा चेहरा उजळला. पिशवीतून फॉर्म काढून तिने पेनाचं टोपण दातांनी ओढलं.

कंडक्टरबाईला करपल्याचा वास आला. “आत येऊ का?” असं विचारत ती आत गेलीसुद्धा. दूध उतू जाऊन शेगडीवर काळं झालं होतं. तिने गॅस बंद केला. टेबलावर अर्ध्याच संपलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या होत्या आणि भिंतीशी घडी घालून ठेवलेली चाकाची खुर्ची. खुर्चीच्या दांड्याला भाड्याने देणाऱ्या दुकानाची चिठ्ठी तशीच होती.

ती बाहेर आली.

“कोण आजारी होतं?”

“बायको.”

“कधी गेल्या?”

“मंगळवारी.” त्याने फॉर्मवर बोट ठेवलं. “इथेच ना सही?”

तिने फॉर्म त्याच्या बोटाखालून हळूच ओढून घेतला.

“आज नको, काका.”

“मी हो म्हणतोय ना!”

“म्हणताय. परवाही म्हणता येईल, पुढच्या महिन्यातही येईल. आधी बसा.”

तो बसला. त्या दोघीही बसल्या, चांगल्या दीड तास. बायकोबद्दल तो फारसं बोलला नाही. खुर्ची दुकानात कधी परत करायची, सोमवारी की मंगळवारी, एवढंच त्याने तीन-चारदा विचारलं. दर वेळी कंडक्टरबाईने “सोमवारी” असंच सांगितलं. निघताना, उद्या दहाला येते, म्हणाली.

“त्यांनी हो म्हटलं होतं,” रस्त्याला लागल्यावर धाकटी म्हणाली. तिच्या नाकाचा शेंडा लाल झाला होता. “पहिल्याच दिवशी. आजीला लिहिलं असतं मी.”

“अगं, त्या माणसाने आज पंखे विकणाऱ्यालाही हो म्हटलं असतं.”

धाकटी तशीच चालत राहिली. वळणावर मात्र थांबली.

“मग तुम्ही? तुम्हीसुद्धा तसंच हो म्हटलं होतं ना?”

कंडक्टरबाईने चपलेत गेलेला खडा काढला. खडा लहान होता. वेळ बराच लागला.

संध्याकाळी बाईंनी तिला कार्यालयात बोलावलं. धाकटी काचेपलीकडे उभी राहिली, नियमाप्रमाणे नजरेच्या टप्प्यात. बाईंच्या पुढ्यात दिवसाचा अहवाल होता. पाचव्या घरासमोर ‘उत्तर’ या रकान्यात लिहिलं होतं : पुन्हा जाणे.

“हो म्हणालेल्या माणसाकडे पुन्हा कशाला?”

तिने जे झालं ते सांगितलं. बोलणी बसणार हे तिने धरूनच ठेवलं होतं. बाईंनी चष्मा काढून पुसला, उठून कपाटातून एक फाईल आणली आणि तिच्यासमोर उघडून ठेवली. तो तिचाच अर्ज होता.

“खाली त्या दवाखान्यातल्या दोघींचा शेरा आहे. वाचा.”

तिरक्या अक्षरात लिहिलं होतं : दुःख ताजं आहे. सहा महिने थांबावं. त्याखाली हिरव्या शाईत ‘मंजूर’ आणि बाईंची सही.

“या खेपेला माणसं कमी पडत होती,” बाई म्हणाल्या. “मी ते दोनदा वाचलं. मग सही केली.”

तिने कागद उलटून मागची बाजूही पाहिली. ती कोरी होती.

“सकाळी आठला स्टेशनकडे गाडी जाते,” बाई म्हणाल्या. “कुणी काही विचारणार नाही. फोन हवा तर आत्ताच देते.”

“दहाला त्या काकांकडे येते म्हणून सांगितलंय.”

“दुसरी जोडी जाईल.”

“सांगितलंय मी,” ती म्हणाली. आवाज चांगला बाहेरपर्यंत गेला. काचेपलीकडे धाकटीने मान वर केली. बाईंनी फाईल मिटली.

दुसऱ्या दिवशी दहाला पाच मिनिटं असताना त्यांनी बेल वाजवली. गृहस्थाने दार उघडलं. त्याने आळीपाळीने दोघींच्या चेहऱ्याकडे पाहिलं. ओळख काही लागली नाही.

“कोण पाहिजे?”

“आम्ही काल आलो होतो,” कंडक्टरबाई म्हणाली.

“काल?” त्याने कपाळ चोळलं. “माफ करा हं. या आठवड्यात खूप जण येऊन गेले. काय काम होतं?”

धाकटीने तोंड उघडलं. तिला पहिलं वाक्य येत होतं, दुसरं येत होतं, सगळीच येत होती. तिने तोंड मिटलं आणि खांद्यावरची पिशवी पाठीमागे सरकवली.

“काही नाही,” ती म्हणाली. “बसायला आलो.”

त्याने जरा विचार केला. मग दार पूर्ण उघडून तो बाजूला झाला.

“चपला राहू द्या पायात,” तो म्हणाला. “लादी पुसलेली नाही.”