दुपटं कोण सोडतं?

सुरतेजवळच्या भेस्तानच्या त्या चाळीत कुणाच्या घरी बाळ जन्मलं की सरलाबाईला बोलावणं यायचंच. नाळ दाईनं कापावी, नाव आत्यानं ठेवावं, पण बाळ दुपट्यात गुंडाळावं ते सरलाबाईनं. रडून लाल झालेलं पोर ती मांडीवर घ्यायची, दुपट्याचं एक टोक छातीवरून नेऊन पाठीखाली दडपायची, पाय सरळ करून दुसरं टोक ओढायची. बघता बघता पोराचा, गुंडाळलेल्या कापडाचा असतो तसा, असा घट्ट ताका व्हायचा, की बाजारात नेऊन ठेवला असता तर एखाद्या शेठनं त्यावर हात फिरवून कापडाचा भाव विचारला असता. पोर गप्प झालं की सरलाबाई जमलेल्या बायकांवरून नजर फिरवायची. कुणाच्या तोंडावर कौतुक कमी पडलं हे तिच्या बरोबर ध्यानात राहायचं, आणि पुढे त्या बाईला चहाला बोलावताना ती नेमकी विसरायची.

अशा बाईच्या सख्ख्या नातीचं दुपटं रोज सुटायला लागलं, तर तिच्या नाकाला मिरच्या झोंबणारच.

नातीचं नाव हेतल. हे नाव सरलाबाईला पटलेलं नव्हतं. "आपन धुळेवाला, नाव गुजरात्यासनं," असं ती भूपेंद्रला ऐकवायची. पण मुलगा कापडाच्या लूमवर बारा तास उभा राहून यायचा, जेवता जेवता पेंगायचा, त्याला बोलून उपयोग नव्हता. त्यानं एक गोष्ट मात्र चांगली केली होती. हेतल झाली आणि त्यानं एका दाटीच्या खोलीतून या मोठ्या खोलीत बिऱ्हाड हलवलं. खोली मोठी, हवेशीर, आणि तरीही प्लेगच्या सालापासून रिकामी. त्या पळापळीत आधीचं बिऱ्हाड रात्रीच्या गाडीनं गावाकडं निघून गेलं आणि परत आलंच नाही. मालकानं खोली झाडून घेतली, चुना मारला. भिंतीपलीकडेच भूपेंद्र कामाला जायचा तो लूमचा कारखाना होता. दिवसभर अशी खडखड, की मांडणीवरचे पेले आपापसांत बोलत राहायचे. नवीन माणसाला ते सोसायचं नाही. आठ दिवसांनी मात्र त्याच्याशिवाय झोप लागायची नाही.

पहिल्यांदा हेतलचा एक हात बाहेर दिसला. सरलाबाईनं तो आत घातला. मग दोन्ही हात. मग एका दुपारी अख्खं दुपटं सुटलेलं. सुटलेलं म्हणजे लाथाडलेलं नाही. पोरीच्या बाजूला नीट घडी घालून ठेवलेलं, टोकाला टोक जुळवून.

"रंजना," सरलाबाईनं चुलीपुढच्या सुनेला हाक मारली, "घडी छान घालस व तू."

"कसाची घडी, आत्याबाई?"

"मी काय येडी शे का? पोरले सोडनार दुसरं कोन शे आठे?"

"मी हात नही लावा," रंजना म्हणाली. मग तव्यावरची भाकरी उलटताना तिनं हळूच जोडलं, "पण सुटलं ते बरंच झालं. दवाखान्यातल्या सिस्टर म्हणत होत्या, इतकं आवळायचं नाही. छातीपाशी दोन बोटं गेली पाहिजेत. पाय बेडकासारखे मोकळे राहू द्यायचे, नाहीतर खुबे बिघडतात. कापडही सुती पाहिजे, पातळ. हे दुपटं यांनी कारखान्यातून आणलेलं आहे ना, त्यात वारा शिरत नाही. पोरीची मान बघा, घामानं ओली आहे."

"सिस्टरनी किती पोरं गुंडाळी?"

रंजनानं मान खाली घालून पुढची भाकरी थापायला घेतली. सासूशी बोलताना कुठे थांबायचं हे तिला लग्नाच्या पहिल्या महिन्यातच कळलं होतं. सरलाबाईच्या लेखी हे थांबणं म्हणजे कबुली. सून शहाणी झाली, आता ती सासूची विद्या मोडीत काढायला निघाली, एवढा हिशेब तिनं मनाशी पक्का केला आणि पाळत ठेवायची ठरवली.

दुसऱ्या दिवशी नळाला पाणी आलं तेव्हा ती मुद्दाम सुनेला सोबत घेऊन गेली. हेतलला स्वतःच्या हातानं गुंडाळलं, गोधडीवर ठेवलं, बाहेरून कडी लावली. नळावर रंजना तिच्या डोळ्यांसमोर होती. परत येऊन कडी काढली तर पोरगी एका कुशीवर, टक्क डोळे उघडे, भिंतीकडे बघत. दुपटं उशाशी. घडी घातलेलं.

रंजनानं कळशी दारातच टेकवली. "आत्याबाई, हे कोणी केलं?"

सरलाबाईनं दाराची कडी पुन्हा हलवून बघितली. कडी घट्टच होती.

रंजनानं पोरीला उचललं, छातीशी धरलं. ती म्हणाली, "घडीचं मला माहीत नाही. पण ही कुशीवर वळली. सिस्टरनी हेच सांगितलं होतं. वळायला लागली की त्या दिवसापासून बांधणं बंद. उद्या पालथी पडली आणि हात आत अडकलेले असले तर तोंड वर कसं काढणार ती?"

"तिसऱ्या महिनामा पोर वळस का कधी? तिले कोनी तरी वळाई दिधं."

म्हणजे 'कुणीतरी आहे' हे सरलाबाईनंच बोलून टाकलं. बोलल्यावर तिला स्वतःलाच ते आवडलं नाही.

शेजारच्या इंदुबाई परभणीकडच्या. चाळीतली त्यांना माहीत नाही अशी गोष्ट नव्हती आणि न विचारता त्यांनी सांगितली नाही अशीही नव्हती. ही एकच गोष्ट मात्र त्यांनी आजवर पोटात ठेवली होती. सरलाबाईनं खोदून विचारलं तेव्हा त्या ओट्यावर बसून तूर पाखडत होत्या.

"खोलीचं काय विचारता," त्या सुपाकडेच बघत म्हणाल्या. "हुती एक बाई. बाळंतीण. गाठोड्यावानी आवळून ठेवायची लेकराला. रडू नये म्हणून. मालक वरडायचा ना. पळापळीच्या रात्री कडेवर घेऊन निघाली तवा मी म्हनलं, लई गप हाय गं लेकरू. तर म्हनली, झोपलंय."

"मंग?"

"मंग काय. झोपलंच असंल." इंदुबाईंनी सूप झटकलं. "आपन कशाला वंगाळ बोलावं?"

शहाण्या माणसानं यातून काय घ्यायचं ते घेतलं असतं. सरलाबाईनं उलटंच घेतलं. कुणीतरी पोरीला सोडतंय, म्हणजे कुणीतरी पोरीला नेणार. मग पोर अशी बांधायची, की नेणाराची बोटं मोडली पाहिजेत. तरुणपणी ती स्वतः कारखान्यात बॉबिनी भरायची. तुटलेला धागा जोडायची गाठ तिला डोळे मिटून यायची. बारीक, चपटी, ओढाल तेवढी आवळत जाणारी. माणूस ती कधी सोडत नाही, कापतो. भूपेंद्रनं आणलेल्या चिंध्यांत साडीच्या किनारीची एक लांब पट्टी होती.

दुपारी रंजना रॉकेलच्या रांगेला गेली. सरलाबाईनं हेतलला गुंडाळलं, वरून छातीभोवती ती पट्टी फिरवली आणि बाजूला तीच गाठ मारली. पोरगी कुरकुरली. मग गप्प झाली. सरलाबाईनं सवयीनं आजूबाजूला बघितलं. कौतुक करायला कुणी नव्हतं.

ती बाहेर ओट्यावर येऊन बसली. इंदुबाई काहीतरी सांगत होत्या, भिंतीपलीकडे लूम खडखडत होते. आणि मग लूम थांबले.

एकदम. जणू कुणी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. मांडणीवरचे पेले थांबले. इंदुबाईंचे ओठ हलत होते, पण आवाज येत नव्हता. सरलाबाईच्या कानांत इतकी शांतता साठली की तिला स्वतःचं रक्त ऐकू आलं. आणि त्या शांततेत, आतून, कापडावर कापड घासल्याचा एक बारीक आवाज. घुसमटल्यासारखा. मग तोही नाही.

ती आत गेली.

गोधडीवर तिनं बांधलेला ताका पालथा पडला होता. पोरीचं तोंड गोधडीत खुपसलेलं. हात नाहीत, पाय नाहीत, नुसतं बांधलेलं कापड, आणि ते हलत नव्हतं.

सरलाबाईनं तिला उताणं केलं. ओठ काळसर, मान तापलेली, कापडाखालची छाती उचलायला जागाच नाही. तिनं गाठ धरली. ओढली तशी गाठ आवळली. नखं लावली, दात लावले. तिचीच गाठ, आणि ती तिलाच दाद देईना. "वो माय, वो माय," ती म्हणत होती, पण तिचं तोंड नुसतं उघडत मिटत होतं, आवाज तिलाही येत नव्हता. विळी कोपऱ्यात होती. तिनं पोर काखेत धरली, पट्टीखाली बोट घालून ती विळीच्या पात्यावर घासली. पट्टी तुटली, तिचं बोटही कापलं. दुपटं तिनं ओरबाडून काढलं.

हेतलनं हात फेकले. श्वास आत ओढला, इतका लांब की तो संपतो की नाही असं वाटावं. आणि मग किंचाळली.

त्या किंकाळीबरोबर लूम पुन्हा खडखडू लागले.

रंजना आली तेव्हा सासू जमिनीवर बसलेली होती. मांडीवर उघडी पोर, पोरीच्या पोटावर सासूच्या बोटाचं रक्त. रंजनानं तुटलेली पट्टी बघितली, तिच्यावरची गाठ बघितली. पोर घेतली, पदराखाली धरली, आणि भिंतीकडे तोंड करून बसली. सरलाबाईला तिनं चार शिव्या दिल्या असत्या तर ते स्वस्तात सुटणं झालं असतं.

"आजपासून नही बांधनं," सरलाबाई म्हणाली. "कधीच नही."

रंजनानं मान हलवली.

इंदुबाई दारात उभ्या होत्या. "काय झालं हो? मधीच उठून पळालात. मी बोलतेय बोलतेय, तुमचं ध्यानच नाही."

"लाईट गयी ना," सरलाबाई म्हणाली. "लूम बंद पडनात. म्हणून तर माले ऐकू उनं."

"कुठं गेली लाईट?" इंदुबाई म्हणाल्या. "सकाळपास्नं एकदा बी नाही गेली. ह्या खडखडीत मी वरडून वरडून बोलत हुते तुमच्याशी."

रात्री कामावरून आल्यावर भूपेंद्रही तेच म्हणाला. एक लूमसुद्धा थांबला नव्हता. सरलाबाईनं त्याला दुसऱ्यांदा विचारलं नाही.

रंजनानं पोरीला उताणं झोपवलं. हात मोकळे, डोक्याच्या दोन्ही बाजूंना, मुठी अर्ध्या उघड्या. झोपेत ती दचकली, हात हवेत गेले आणि परत खाली आले. रंजनाला झोप लागली. सरलाबाई जागी होती. इतक्या वर्षांची सवय, हात स्वस्थ बसेनात. तिनं जुन्या लुगड्याचा मऊ तुकडा घेतला, पोरीच्या अंगावर घातला, आणि नकळत गळ्यापर्यंत वर ओढला.

तुकडा थोडा वेळ तिथेच राहिला. मग कुणी दोन बोटांनी धरून ओढावा तसा हळूच खाली सरकला, पोटाच्या खाली, आणि पोरीच्या पायांपाशी थांबला.

दुसऱ्यांदा सरलाबाईनं तो वर ओढला नाही.