हात लावून पाहिले

“ह्या कळा मऊ नाहीत, बाई.”

टायपिस्टांनी खोका टेबलावर ठेवला. आपटून नव्हे, आजारी माणसाला खुर्चीत बसवावे तसा, दोन्ही हातांनी. चार दिवसांपूर्वी त्यांनी याच दुकानातून हा नवा लॅपटॉप नेला होता. कोर्टासमोरच्या एका वकिलाकडे अर्ज आणि प्रतिज्ञापत्रे टाइप करण्यात त्यांची तीस वर्षे गेली होती, आणि गेल्या वर्षापासून संध्याकाळी त्यांची बोटे ठणकू लागली होती. मऊ कळांचे यंत्र त्यांना हवे होते ते चैनीसाठी नव्हे.

“मऊ नाहीत कशा?” बाई म्हणाल्या. “मी स्वतः दिवसभर चालवलाय.”

“तेच तर! कार्डावर वाचलं म्हणून घेतला. हातसुद्धा लावून पाहिला नाही मी. म्हटलं, बाईंनी लावलाय ना, मग झालं.”

ते कार्ड अजून टेबलावर, नमुन्याच्या लॅपटॉपसमोर उभे होते. वर रबरी शिक्का: ‘हात लावून पाहिले’. खाली बाईंचे सरळ, ताठ अक्षर: ‘कळा लोण्यासारख्या मऊ. आवाज नाही. दिवसभर लिहिणाऱ्याच्या बोटांना माया लावील.’

अशी कार्डे त्या एकोणीस वर्षे लिहीत होत्या. त्याआधी त्यांनी अकरा वर्षे टायपिंगचा वर्ग चालवला होता. वर्ग बंद पडला, यंत्रे भंगारात गेली, आणि बाई या दुकानात आल्या. आल्यावर त्यांनी एक शिस्त घालून घेतली: दुकानात आलेली कोणतीही नवी वस्तू टेबलावर मांडण्यापूर्वी एक दिवस त्यांच्यापाशी राही. फोन असेल तर त्या तो पर्समध्ये किल्ल्यांच्या सोबतीला टाकत, एका हाताने बसची दांडी धरून दुसऱ्या हाताने चालवून पाहत. लॅपटॉप असेल तर त्यावर बहिणीला भलेमोठे पत्र लिहीत. मग चार ओळींचे कार्ड. ‘हा मांडीवर घेऊ नये, डाव्या मांडीला चटका बसतो.’ ‘ह्या फोनची कड तळव्याला टोचते. सवय होते, पण सवय का करून घ्यावी?’ ‘ईअरफोन चांगले, चष्मेवाल्यांच्या कानामागे मात्र गर्दी होते.’ लोक ती कार्डे वाचून हसत आणि त्यांवर विश्वास ठेवून वस्तू नेत. एक निवृत्त मुख्याध्यापक तर काहीही न घेता, कशालाही हात न लावता, दर शनिवारी केवळ नवी कार्डे वाचून जात.

बाई नमुन्याच्या लॅपटॉपपाशी गेल्या. दहाही बोटे कळांवर टेकवली, दोन ओळी टाइप केल्या आणि मान वर केली. “मऊच तर आहेत. बघा तुम्ही.”

टायपिस्ट वाकले. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी कळांकडे अगदी जवळून पाहिले. मग करंगळीचे नख एका कोपऱ्यात खुपसून हलकेच वर उचलले. चर्रर्र असा आवाज करीत एक पातळ, पारदर्शक पापुद्रा सबंध कळफलकावरून निघून आला.

“बाई,” ते ओशाळून म्हणाले, जणू चूक त्यांचीच होती, “हा काढायचा राहिला वाटतं.”

नमुन्याच्या यंत्राला प्रवासात ओरखडे पडू नयेत म्हणून कंपनी असा पापुद्रा लावून पाठवते. विकायच्या नगाला तो नसतो. पापुद्रा सोलून त्याची गोळी करून टोपलीत फेकणे हे बाईंचे नव्या यंत्राशी पहिले बोलणे असे. एकोणीस वर्षांत ते कधी चुकले नव्हते. आणि आता टायपिस्टांच्या हातात ती सबंध कातडी लोंबत होती.

बाईंनी पुन्हा कळांवर बोटे ठेवली. पापुद्रा निघाला होता. बोटांना त्याचा पत्ता नव्हता. आधी जितके मऊ लागत होते तितकेच आताही लागले. जग कुणीतरी कापसात गुंडाळून हाती द्यावे, तसे.

सहा महिने त्या हे जाणून होत्या, आणि जाणत नव्हत्याही. ब्लाउजची बटणे आरशात पाहून लावावी लागत होती. पर्समध्ये हात घातल्यावर किल्ली कोणती आणि नाणे कोणते, ते बाहेर काढल्याशिवाय कळत नव्हते. एकदा त्यांनी चुलीवरचे पातेले नुसत्या हाताने उतरवले तेव्हा नवरा ओरडला होता, “अगं, हात आहेत की सांडशी?” त्यावर दोघे पोट धरून हसले होते. हसू ओसरल्यावर त्या एकट्याच डॉक्टरांकडे जाऊन आल्या. “नसांचं दुखणं आहे,” डॉक्टर म्हणाले होते, “टोकांपासून सुरू होतं.” तो कागद त्यांनी घडी घालून साड्यांखाली ठेवला होता. ज्या बाईची सगळी किंमत बोटांच्या टोकांवर, तिने असा कागद आणखी कुठे ठेवायचा?

मॅनेजर आला. वयाने बाईंच्या मुलाएवढा, बोलायला गोड, घाईत असलेला.

“काय झालं काका?”

“बदलून हवा होता.”

“खोका उघडला की बदलून मिळत नाही हो. नियम आहे. आणि कळांचं काय, चार दिवसांत सवय होईल.”

टायपिस्टांनी वाद घातला नाही. त्यांनी नुसती आपली बोटे एकदा उघडून मिटली. गाठींपाशी ती सुजलेली होती. बाईंनी ते पाहिले.

“चूक आपली आहे,” त्या म्हणाल्या. “कार्ड चुकलंय.”

मॅनेजरने त्यांना बाजूला, पंख्यांच्या खोक्यांमागे नेले. “बाई, असं गिऱ्हाइकासमोर काय बोलता? कार्ड म्हणजे तुमचं मत. मत कधी चुकतं का? एकाला मऊ लागतं, एकाला कडक लागतं. विषय संपला.”

“मत नव्हतं ते. वर शिक्का काय आहे? मी हात लावला, असं लिहून दिलंय मी.”

“मग लावला होता ना?”

“लावला होता.” पुढचे वाक्य आजवर त्यांनी घरातही कुणाला सांगितले नव्हते. “पण हाताला कळलं नाही. बोटांना कळत नाही मला आता.”

मॅनेजर खाली पाहत म्हणाला, “हे बघा, बाई. वरच्या ऑफिसातून छापील कार्डं येऊन पडलीत. दोन आठवडे माझ्या खणात आहेत. ‘आमच्या बाईंची कार्डं लोकांना आवडतात’ म्हणून मी टोलवतोय. ह्या काकांना बदलून द्यायचं तर कारण लेखी पाठवावं लागेल. तुमचं कार्ड खोटं निघालं, असं लेखी गेल्यावर मी कुठल्या तोंडाने टोलवू? तुमची कार्डं बंद होतील.”

“आणि नाही पाठवलं तर?”

“तर काका घरी जातील. तुम्ही उद्यापासून जरा सांभाळून लिहाल.”

हे सोपे होते. सांभाळून लिहिता आले असते. कंपनीचे पत्रक वाचायचे, दोन शब्द आपल्या वळणाचे घालायचे, वर शिक्का उमटवायचा. कुणाला कळले असते? मुख्याध्यापकांना कळले नसते. मॅनेजरला कळून घ्यायचे नव्हते. खोक्यांच्या फटीतून बाईंना टायपिस्ट दिसत होते. त्यांनी तो पापुद्रा टाकून दिला नव्हता; नीट चौकोनी घडी घालून टेबलाच्या कडेला ठेवला होता, जणू ती कुणाची हरवलेली वस्तू होती.

“कागद द्या,” बाई म्हणाल्या.

कागद आला, पेन आले, आणि बाईंना सुरुवात सुचेना. हजारो कार्डे लिहिलेला हात कोऱ्या कागदावर अडून बसला.

“काय लिहायचंय?” टायपिस्टांनी विचारले.

“माझी चूक.”

“हात्तिच्या! ते तर माझं रोजचं काम.” त्यांनी घसा साफ केला. “‘मी खाली सही करणार’ असं सुरू करा. पुढचं आपोआप येतं बघा. तीस वर्षांत एकदाही अडलेलं नाही.”

मॅनेजरलाही हसू आवरले नाही. बाईंनी लिहिले: ‘मी खाली सही करणार असे लिहून देते की, सदर लॅपटॉपच्या कार्डावरील मजकूर चुकीचा आहे. मी पापुद्रा न काढता हात लावला. चूक माझी.’ आणि पुढचे खरोखरच आपोआप आले: ‘गिऱ्हाइकाने माझ्या बोटांवर विश्वास ठेवला, म्हणून यंत्र बदलून द्यावे.’ मग सही. सही करताना पेन बोटांत आहे की नाही ते पाहण्यासाठी त्यांना खाली बघावे लागले.

“आता काकांना दुसरा दाखवा,” मॅनेजर म्हणाला आणि कागद घेऊन आत गेला.

दाखवणार कसा? टेबलावर सात लॅपटॉप होते, सातांसमोर सात कार्डे, आणि त्यांतल्या गेल्या सहा महिन्यांतल्या कार्डांचा आता त्यांना भरवसा नव्हता. टायपिस्ट पहिल्यापाशी उभे राहून दोन बोटांनी टकटक करू लागले.

“असं नको,” बाई अचानक म्हणाल्या. “उभ्याने कधी तीस वर्षं टाइप केलंत का?”

काउंटरमागचे आपले स्टूल त्यांनी ओढत आणले. एकोणीस वर्षांत त्या टेबलापाशी कुणी गिऱ्हाईक बसले नव्हते, हे त्यांच्या तेव्हाच ध्यानात आले. “बसा. तुमचं नेहमीचं टाइप करा. वेगात.”

“आणि तुम्ही?”

“मी ऐकते.”

त्यांनी पाठ फिरवली. वर्गात एके काळी बावीस यंत्रे एकदम चालत आणि बाई फळ्याकडे तोंड करून सांगत, ‘तिसरी रांग, खिडकीजवळ, करंगळी आळशी आहे.’ मुलींना वाटे, बाईंना पाठीला डोळे आहेत. डोळे कुठले; कान होते. ते कान या दुकानातल्या टीव्हींच्या कोलाहलात इतकी वर्षे बेकार बसले होते.

टायपिस्ट टाइप करू लागले. ‘मी खाली सही करणार सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की...’

“हा नाही,” बाई भिंतीकडे पाहत म्हणाल्या. “उजवी करंगळी दोनदा दाबावी लागतेय. पुढचा.”

दुसऱ्यावर आवाज पातळ होता, पत्र्यावर हरभरे सांडल्यासारखा. “ह्याला तळ लवकर लागतो. बोट आपटतंय तुमचं. संध्याकाळी ठणकेल.” तिसऱ्यावर ‘सत्यप्रतिज्ञेवर’ या शब्दापाशी लय मोडली. चौथा बरा होता, पण टायपिस्ट त्यावर श्वास रोखून टाइप करीत होते, तेही त्यांना ऐकू आले. दोन माणसे थबकून पाहू लागली. एक म्हणाला, “बाई भविष्य सांगतात काय?”

“भूतकाळ सांगते,” बाई म्हणाल्या. “पुढचा.”

सहावा कोपऱ्यातला होता. जाड, राखाडी, जाहिरातीत कधी न दिसलेला. टायपिस्टांनी सुरुवात केली आणि बाईंनी डोळे मिटले. आवाज खोल होता, एकसारखा. शब्द संपत तेथे किंचित विसावा, आणि पुन्हा चाल. ‘सत्यप्रतिज्ञेवर’ आले आणि गेले. टायपिस्ट थांबले नाहीत. प्रतिज्ञापत्र पुरे झाले, त्याच्या खाली ठिकाण आणि तारखेची रिकामी जागाही त्यांनी सवयीने सोडली, तेव्हा कुठे ते भानावर आले.

“अरेच्चा! बोटं आहेत हेच विसरलो मी.”

“मीही,” बाई म्हणाल्या. त्यांना ते विनोदाने म्हणायचे होते.

टायपिस्ट राखाडी लॅपटॉप घेऊन गेले. जाताना दारातून परत आले, घडी घातलेला पापुद्रा उचलून खिशात टाकत म्हणाले, “नाहीतर कुणीतरी पुन्हा लावेल.”

संध्याकाळी घरी बाईंनी साड्यांखालचा कागद काढून नवऱ्यासमोर ठेवला. “अहो, माझी बोटं गेली.”

नवऱ्याने कागद वाचला, दोनदा वाचला. मग त्यांचा हात ओढून घेतला. “कुठे गेली? दहा तर दिसताहेत.” आणि एकेका बोटाचे टोक तो चिमटीत धरू लागला. “हे?”

“नाही.”

“हे?”

“नाही.”

“हे?”

“थोडंसं.”

“थोडंसं म्हणजे आहे.” तो पुढच्या बोटाकडे वळला. “उद्या डॉक्टरांकडे दोघं जाऊ. आणि आजपासून सांडशीचं खातं माझ्याकडे.”

एक तारखेला छापील कार्डे टेबलावर आली. गुळगुळीत, सुबक, आकड्यांनी गच्च भरलेली. बाईंनी आपली कार्डे गोळा करून शिक्क्यासह बुटांच्या एका जुन्या खोक्यात ठेवली. स्टूल त्या काउंटरमागे नेऊ लागल्या तेव्हा मॅनेजर म्हणाला, “राहू दे ते तिथेच. कार्डांबद्दल वरून आलंय. स्टुलाबद्दल काही आलेलं नाही.”

शनिवारी मुख्याध्यापक आले. टेबलाभोवती एक फेरी मारली, आकडे वाचले, नाराजीने चष्मा पुसला. “हे काय? ह्यात वाचण्यासारखं काही नाही.”

मग त्यांना स्टूल दिसले. स्टुलावर एक कार्ड होते, बिनशिक्क्याचे. अक्षर पूर्वीइतके ताठ नव्हते; ओळी उजवीकडे किंचित उतरत गेल्या होत्या. ‘बसा. टाइप करा. मी ऐकते आहे.’

मुख्याध्यापकांनी ते दोनदा वाचले. कार्ड उचलून बाईंच्या हाती दिले, इकडेतिकडे पाहिले आणि कधी नव्हे ते बसले.

“पण टाइप काय करू?”

“काहीही,” बाई म्हणाल्या. “‘मी खाली सही करणार’ असं सुरू करा. पुढचं आपोआप येतं.”

त्यांनी भिंतीकडे तोंड केले, दोन्ही हात एकमेकांत ठेवले आणि डोळे मिटले. मागे, फार दिवसांनी बोलायला उठलेल्या माणसासारखी, पहिली कळ वाजली.