चर्चच्या क्रुसावर निळं दार

मित्रांनो, बसा, पण जरा लांबच बसा. आणि ते बोट माझ्या काचेवरून काढा आधी. मी एक जुनी लाकडी पेटी आहे, काचेच्या बुडाची. माझा कुणावरही चटकन विश्वास बसत नाही. उगाच बढाई मारत नाही, माझं कामच तसं आहे. समुद्राच्या वरवरच्या रूपाला फसायचं नाही, खाली खरंच काय आहे ते बघायचं, याच कामासाठी मला बनवलं गेलं.

मला ऑल्डविनने बनवलं. कॅरिबियन समुद्रातल्या आमच्या छोट्या बेटावर तो शंख आणि शेवंडं पकडायचा. मोडक्या होडीच्या फळ्या त्याने जोडल्या, सांध्यांत डांबर भरलं आणि बुडाला शाळेच्या खिडकीची काच बसवली. ती काच वर्षानुवर्षं परीक्षेत कॉपी करणारी पोरं बघत आली होती. संशय माझ्यात मुरला तो तिथूनच, असं मला वाटतं. होडीच्या काठावरून मला पाण्यावर टेकवायचं आणि आत डोकं घालायचं. लाटांची चुळबुळ नाहीशी होते आणि तळ लख्ख दिसतो.

आमच्याकडे सगळे कोळी थापा मारतात. यात लाज कसली? खडकाची चांगली जागा ही घरची ठेव असते आणि ती सापडते खुणेवर. समुद्रातून किनाऱ्याकडे बघायचं, दोन गोष्टी एकावर एक आल्या की जागा आली. ऑल्डविनची खूण होती चर्चच्या क्रुसावर निळं दार. खाली किनाऱ्यावर चर्च आणि वर टेकडीवर त्याच्याच घराचं दार. क्रुसाच्या बरोबर डोक्यावर दार दिसलं की त्या रेषेत लाटा फुटतात तिथवर जायचं. हे फक्त त्याला ठाऊक होतं आणि मला. "आज कुठे?" असं कुणी विचारलं की तो म्हणायचा, "पांढऱ्या खडकाला." पांढरा खडक बेटाच्या पार पलीकडे. बायकोलाही तो हेच सांगायचा आणि शीळ घालत निघायचा. वा, काय शहाणा माणूस, असं मला तेव्हा वाटायचं.

पुढे शंख कमी झाले, ऑल्डविनही गेला. खूण तेवढी त्याने जाण्याआधी मुलीच्या, इयांथीच्या, कानात सांगितली. मी कोंबड्यांच्या खुराड्यात पडून होते. एक तांबडी कोंबडी माझ्यात बसून अंडी घालायची आणि वर माझ्याकडेच रागाने बघायची. मित्रांनो, ज्या काचेने समुद्राचा तळ बघितला तिच्यावर पेंढा आणि पिसं! आठवलं की आजही जीव तुटतो.

मग मोठमोठी प्रवासी जहाजं यायला लागली. ती दूर नांगर टाकतात आणि लहान बोटींतून माणसं धक्क्यावर सोडतात. उतरल्या उतरल्या सगळ्यांचा एकच प्रश्न. तोंडात नळी धरून पोहत मासे बघायला चांगली जागा कुठे? जहाजाच्या सहलीत सगळ्यांना एकाच खाडीत नेतात. तिथे इतके पाय पडलेत की पाणी गढूळ आणि पोवळी राखेसारखी करडी. म्हणून इयांथीने मला खुराड्यातून उचललं, घासूनपुसून स्वच्छ केलं आणि आमचा नवा धंदा सुरू झाला.

जहाज नसेल त्या दिवशी ती मला घेऊन जागा शोधत हिंडायची. जागा कशी ओळखायची ते सांगते, पण हळू बोलते. एकसारखं निळंशार पाणी दिसलं की भुलायचं नाही, खाली नुसती वाळू असते. काळपट ठिपके दिसले की थांबायचं. पाण्याची ओढ कशी आहे ते आधी बघायचं. पोपटमासे पोवळं कुरतडत असतील आणि शेजारी वाळूत चपटा पाकट मासा पडून असेल तर जागा जिवंत आहे. आम्ही खूप जागा बघितल्या, पण ऑल्डविनच्या खडकाची सर एकीलाही नव्हती.

आणि त्या खडकावर डोळा होता फिट्झरॉयचा. फिट्झरॉय शेजारचाच, पिवळ्या बोटीवाला, आवाज म्हणजे नुसता भोंगा. तो दर वेळी आमच्या मागे मागे यायचा. इतर बोटवाले आपापल्या जागेवर दोर बांधून एक तरंगता गोळा सोडतात आणि बोट त्याला अडकवतात. इयांथीने गोळा कधीच बांधला नाही. गोळा दिसला की जागा कळणार ना! ती बाजूच्या वाळूत दगडी नांगर टाकायची. मला ते अगदी पटत होतं.

मग एके दिवशी जहाजावरून एक जोडपं आलं, बर्नाडेट आणि क्लाइव्ह. दोघंही साठीच्या पुढची. बर्नाडेटबाईंनी बोटीत पाय ठेवण्याआधी तरंगायच्या जॅकेटचा एकेक पट्टा ओढून बघितला, शिट्टी वाजवून बघितली आणि माझ्याकडे बोट दाखवलं. "ही तुटकी पेटी कशाला?"

तुटकी! मला!

"तीच आपल्याला वाट दाखवते, मॅडम," इयांथी हसून म्हणाली.

"जहाजावर सांगितलंय आम्हाला," बाई नवऱ्याच्या कानात पुटपुटल्या, पण मला ऐकू गेलं. "ही माणसं जवळच कुठेतरी नेतात आणि लांब नेलं म्हणून सांगतात." बाईंचा स्वभाव मला तेवढ्यापुरता आवडला.

निघताना टेकडीवरून इयांथीची आई युडोरा ओरडली, "कुठे चाललीस गं?"

"पांढऱ्या खडकाला!" इयांथीने हात हलवला. बापाचीच पोर ती.

फिट्झरॉय चार प्रवासी घेऊन मागे होताच. इयांथीने वाटेत एका उजाड वाळूवर बोट थांबवली, मला पाण्यावर टेकवलं आणि किंचाळली, "अगंबाई! केवढं मोठं कासव!" माझ्याखाली एक खेकडासुद्धा नव्हता. फिट्झरॉयने लगबगीने नांगर टाकला आणि आपल्या माणसांना धडाधड पाण्यात उतरवलं. आता ती माणसं वर चढेपर्यंत तो जागचा हलू शकत नव्हता. आम्ही पसार! मी मनातल्या मनात किती हसले म्हणता!

खडकावर पोचलो तेव्हा क्रुसावर दार अगदी नेटकं बसलं होतं. तिघंही पाण्यात उतरली, इयांथी मला पुढे ढकलत होती. पोपटमाशांची झुंड, पंख्यांसारखी जांभळी पोवळी, पाकट, सगळं हजर होतं. क्लाइव्हसाहेब तर नळीतूनच आनंदाने ओरडत होते. बर्नाडेटबाईंनी पाणचष्मा वर करून इयांथीला म्हटलं, "बाई गं, मी तुला उगाच नावं ठेवली."

आणि तेवढ्यात आमची बोट निघून गेली.

नांगराचा दोर पोवळ्याच्या धारेवर घासून घासून तुटला होता. वारा किनाऱ्यावरून बाहेर वाहत होता. इयांथी जीव तोडून पोहत बोटीमागे गेली, पण बोट लांबच पळत राहिली. फोन बोटीत, पाणी बोटीत. मागे वळून बघते तो क्लाइव्हसाहेबांच्या पायात गोळा आलेला आणि चेहरा पांढराफटक. त्यांना सोडून पुढे जाणं शक्य नव्हतं. ती परत आली.

"मला धरा," असं मी म्हणू शकत नव्हते, पण इयांथीने त्यांचे हात माझ्या काठावर ठेवले. "घट्ट धरा साहेब. ही बुडत नाही."

खडकाच्या टोकापलीकडे पाण्याची ओढ बाहेर, मोकळ्या समुद्राकडे जाते. आम्ही तिकडेच सरकत होतो. माझ्याखालचा तळ आधी अंधूक झाला, मग दिसेनासा झाला. तळ दिसला नाही की मला काय वाटतं ते कसं सांगू? भीती वाटते, मित्रांनो.

"आपण इथे आहोत हे कुणाला माहीत आहे?" बर्नाडेटबाईंनी विचारलं.

इयांथीने क्लाइव्हसाहेबांचे हात माझ्या काठावर पुन्हा नीट बसवले.

"अगं, विचारतेय मी! घरी कुणाला सांगितलंयस ना?"

"आईला सांगितलंय," इयांथी म्हणाली. "पण पांढरा खडक म्हणून सांगितलंय."

"आणि तो कुठे आहे?"

"बेटाच्या पलीकडे."

बाईंनी तोंडात शिट्टी धरली आणि फुंकायला सुरुवात केली. लाटांच्या आवाजात ती शिट्टी ऐकणार कोण? "आई गं," इयांथी माझ्या फळीला कपाळ टेकून हळूच म्हणाली, "सगळे पलीकडे शोधतील गं."

खूप वेळ गेला. क्लाइव्हसाहेबांचे हात निसटायला लागले होते, इयांथीने त्यांना मागून मिठी मारून धरलं होतं. तेव्हा पिवळी बोट दिसली. मला आधी वाटलं, हा आला मागावर, बघा मेला! पण फिट्झरॉय सुकाणू धरून उभा होता आणि तोंड मागे किनाऱ्याकडे करून येत होता. पुढे बघतच नव्हता. अशी बोट कोण चालवतं? जो खूण धरून येतो तोच.

त्याने खडकापाशी बोट आणली, पाण्याची ओढ बघितली, शिट्टीचा आवाज ऐकला आणि सरळ आमच्यावर आला. आधी साहेबांना ओढून घेतलं, मग बाईंना. इयांथी पाण्यातूनच त्याच्यावर ओरडली, "तुला कुणी सांगितलं?"

"आधी वर चढ, मग भांड!" फिट्झरॉय खेकसला. "कासव म्हणे! माझी माणसं नुसती वाळू बघून आली. चार जणांच्या शिव्या खाल्ल्यात मी!"

"कुणी सांगितलं ते सांग!"

"तुझ्या आईने."

इयांथीने मला उचलून वर दिलं आणि मग स्वतः चढली.

जोडप्याला त्यांच्या जहाजाची शेवटची बोट मिळाली. जाताना बर्नाडेटबाईंनी इयांथीचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि आपल्या पोरीला दटावावं तसं दटावलं, "परत असं करायचं नाही. कळलं?" मग माझ्या फळीवरही एक थाप मारून गेल्या.

आम्ही टेकडी चढून घरी आलो. युडोराबाई चुलीपुढे बसल्या होत्या, नीरफणस भाजायला टाकला होता आणि तो एका बाजूने करपला होता. त्यांचं लक्षच नव्हतं. पाय अनवाणी आणि रक्ताळलेले. दुखऱ्या गुडघ्यांनी ही बाई टेकडी धावत उतरली होती. फिट्झरॉय तेव्हा धक्क्यावर प्रवाशांची समजूत घालत होता. "ती पांढऱ्या खडकाला गेलीय मावशी, जाऊ दे तिला," असं तो फणकाऱ्याने म्हणाला. तेव्हा युडोराबाईंनी त्याचा सदरा धरला आणि म्हणाल्या, "क्रुसावर निळं दार ठेव आणि लाटा फुटतात तिथवर जा. पळ!" इतकी वर्षं जी खूण काढायला तो धडपडत होता ती अशी भर धक्क्यावर त्याला मिळाली, आणि आनंद करायच्या ऐवजी तो प्रवाशांना तिथेच सोडून बोटीकडे धावला. हे त्यानेच वाटेत आम्हाला सांगितलं.

"आई, तुला खूण कधीपासून माहीत?" इयांथीने दारातूनच विचारलं.

"दार रंगवलं तेव्हापासून," युडोराबाई म्हणाल्या. "मला पिवळा रंग आवडतो हे अख्ख्या गावाला ठाऊक. तुझा बाप निळा डबा घेऊन आला आणि म्हणाला, तुला निळा आवडतो ना, म्हणून रंगवतोय! म्हटलं, याच्या डोक्यात काहीतरी शिजतंय. दुसऱ्या दिवशी दारात उभी राहिले, तर क्रुसावर बरोबर त्याची होडी. अगं, तुम्हाला तिथून दार दिसतं तर दारातून तुम्ही दिसणार नाही का?"

"मग बोलली का नाहीस कधी?"

"काय बोलायचं? मला थाप मारून निघाला की किती खुशीत शीळ घालायचा तो. कशाला मोडायचं? मी आपली दारात उभी राहायचे. तो गेल्यावर तू. रोज बघते. विचारावंच लागत नाही मला." त्यांनी करपलेला नीरफणस चुलीतून बाहेर ओढला. "आज होडी रेषेवरून सरकली, आणि होडीत माणूस दिसेना."

इयांथी आईच्या मांडीत डोकं घालून लहान पोरीसारखी रडली.

मित्रांनो, मी तेव्हा कोपऱ्यात पाणी गाळत पडले होते. मी फिट्झरॉयवर संशय घेतला, प्रवाशांवर घेतला, निळ्या पाण्यावर घेतला, कोंबडीवरसुद्धा घेतला. जन्मभर मान खाली घालून तळ बघत राहिले. आणि इतकी वर्षं किनाऱ्यावरून कुणीतरी आमच्याकडे डोळे लावून उभं आहे, याचा मला कधी संशयसुद्धा आला नाही.

आता त्या खडकावर लाल गोळा तरंगतो. इयांथी आणि फिट्झरॉय, दोघंही आपल्या बोटी त्यालाच बांधतात, पण एका वेळी थोडीच माणसं उतरवतात. ही जागा आणखी कुणाला सांगितली नाही असं फिट्झरॉय शपथेवर म्हणतो. बघू. माझी नजर आहे त्याच्यावर.

पण रोज निघताना इयांथी टेकडीकडे तोंड करून खरी जागा ओरडून सांगते. युडोराबाई वरून विचारतात, "खरं की थाप?" आणि तरीही दारात येऊन उभ्या राहतात.

तेव्हा मित्रांनो, समुद्रावर जा, डोंगरावर जा, हवं तिथे जा. पण कुठे चाललात ते घरी खरं सांगून जा. आणि परत आलात की मला गोड्या पाण्याने धुऊन सावलीत ठेवा, मिठाने माझी काच आंधळी होते. उद्या सकाळी पुन्हा जहाज येणार आहे.