थांबून बघू म्हणे

रुपालीला पुन्हा दिवस गेले तेव्हा धाकटी अजून अंगावर पीत होती. धाकटीच्या बाळंतपणात रक्त थांबेना म्हणून तिला गंगाखेडहून परभणीला हलवावं लागलं होतं. "एवढ्यात पुन्हा राहू देऊ नका, जीवावर बेतेल," असं डॉक्टरीणबाईंनी तिच्या नवऱ्याला समोर उभं करून सांगितलं होतं. रामहरीनं मान हलवली होती. मान हलवायला काय जातं?

"आत्याबाई, मला हे लेकरू नको," तिनं सासूला सांगितलं.

कडूबाई शेळीची धार काढत होती. तिचा हात थांबला. "जीव हाय त्यो, रुपाली."

"मी बी जीवच हाय की. मी मेले तर ह्या दोन पोरींना कोन बघंल?"

"देव हाय."

"मागच्या टायमाला देव न्हवता आला. कुन्या मानसाचं रगत आलं होतं."

कडूबाई पुन्हा धार काढायला लागली. तिनं स्वतःची दोन तान्ही लेकरं राणीसावरगावच्या ह्याच मातीत पुरली होती. तिच्या तोंडी जीव हा शब्द उगाच येत नव्हता, हे रुपालीलाही कळत होतं. तरी तिला राग आलाच. दोघी एका चुलीवर रांधत होत्या आणि एकमेकींशी बोलत नव्हत्या.

मेंढरं घेऊन रामहरी परतला, तेव्हा त्याला घरातला अबोला कळला. हातपाय धुऊन तो म्हणाला, "भांडायलाव कामून? माझा दोस्त भुजंग, त्येच्या वळखीचा एक जन हाय, गुपचूप मशीन लावून बघतो. आनखी म्हयना-दीड म्हयना थांबू. पोरगा असला तर ठिवू, पोरगी असली तर खाली करू. दोघींचंबी ऐकल्यावानी हुतंय."

"काय म्हनलास?" कडूबाई उठून उभी राहिली. "मी हिला जीव हाय, जीव हाय म्हनून सांगायले, आन पोरगी असली तर त्यो जीव न्हाई व्हय रे? मंग मी कोन हाय?"

"आन तवर माझं पोट वाढू द्यायचं?" रुपालीचा आवाज चिरकला. "जितका उशीर तितकी जोखीम मला. डॉक्टरीणबाई भिंतीशी बोलत होत्या का?"

रामहरी एकदा आईकडे, एकदा बायकोकडे बघत राहिला. आपलं काय चुकलं हेच त्याला कळेना. त्याचा दोघींना जास्तच संताप आला.

सकाळी कडूबाईनं धाकटीला कडेवर घेतलं. थोरलीला शेजारी सोडलं. "चल परभणीला."

"तुमाला पटलं?"

"न्हाई. मरस्तोवर पटायचं न्हाई. पन ह्येच्या हाती तुला सोडून मी घरी बसनार न्हाई."

दवाखान्याच्या खिडकीतला माणूस वर न बघता म्हणाला, "नवऱ्याची सही लागंल. त्याला घिऊन या."

"पोट हिचं, मरन हिचं, आन सही त्याची?" कडूबाईनं खिडकीच्या कट्ट्यावर हात आपटला. रांगेतल्या बायका वळून बघायला लागल्या. आवाज ऐकून डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "नवऱ्याची सही लागत नाही," त्या खिडकीतल्या माणसाला सगळ्यांदेखत म्हणाल्या. मग रुपालीला एकटीला आत नेऊन त्यांनी विचारलं, "कुणाची जबरदस्ती नाही ना?"

"न्हाई. माझं मीच ठरवलंय."

गर्भपात झाल्यावर दोघी घरी आल्या. त्या दिवशी कडूबाई जेवली नाही. चुलीपुढं बसून डोळे पुसत राहिली. रुपालीला ते बघवेना. "मला पापी म्हनायचं हाय का तुमाला?"

"तसं म्हनले का मी? तुझं तू केलंस, मी संगं आले. आता मला रडू दे."

 रुपाली धाकटीला घेऊन तिच्याजवळच टेकली.

तेवढ्यात रामहरी आत येऊन ताटापाशी बसला. कडूबाईनं ताट ओढून घेतलं.

"आधी नसबंदी करून ये. मंग भाकर."

"आई, लोकं काय म्हनतील?"

"हिला मारायला निघाला हुतास तवा इचारलं का लोकास्नी?"

बरेच दिवस तो मेंढरांकडंच झोपला, हाताला येईल तसं करून खाल्लं. मग एकदा खाली मान घालून तो आईच्या मागं परभणीच्या एसटीत चढला. रुपाली त्याला पोचवायला फाट्यावर गेली नाही.