जाड तारेचे एकोणीस दिवस

मी फ्यूज बोलतोय. हो, तोच, ज्याची आठवण तुम्हाला फक्त उडाल्यावर होते. मी सुरळीत असलो तर वर्षानुवर्षं कोणी माझ्याकडे ढुंकूनही बघत नाही. एकदा उडालो की मात्र घरभर माझ्याच नावाचा शंख. माझी तक्रार नाही. काही माणसांचंही असंच असतं.

जातीने मी चिनी मातीचा. भट्टीतून भाजून निघालो, वरून पांढरी झिलई चढली, पोटात दोन पितळी स्क्रू बसले. त्या दोन स्क्रूंच्या मध्ये केसापेक्षा जरा जाड अशी एक तार ताणलेली असते. घराची वीज तिच्यातून जाते. कोणी हावरटासारखी वीज ओढली, की ती तार वितळते आणि सगळं थांबतं. तुम्ही याला फ्यूज उडणं म्हणता. आम्ही याला नोकरी म्हणतो.

माझी नेमणूक झाली एका घड्याळजीच्या घरी. पुढच्या खोलीत त्याचं दुकान, मागच्या खोलीत त्याच्या बायकोचं शिलाई मशीन आणि त्यामागे स्वयंपाकघर. मला भिंतीवर बसवणारा वायरमन म्हातारा होता, पण बोलायला खणखणीत. तो म्हणाला, "घड्याळवाले, ही तार बारीक आहे आणि ती बारीकच राहू द्या. एखाद्या वेळी उडाला तर तार बदला. सारखा सारखा उडायला लागला तर मात्र हात घालू नका, मला बोलवा."

घड्याळजीने मान डोलावली. मान डोलावणं आणि ऐकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला पुढे कळलं.

पहिली काही वर्षं सुखाची गेली. वर्षातून एखाद-दुसऱ्यांदा मी उडायचो, आणि प्रत्येक वेळी तोच खेळ. लाइट गेली की सगळे आधी खिडकीत जाऊन शेजाऱ्यांकडे बघणार. शेजारीही अंधार असला की यांचा जीव भांड्यात पडणार. शेजारी उजेड दिसला तर मात्र चेहरे पडणार. मग घड्याळजी डोळ्याला भिंग तसंच लावून यायचा, मेन स्विच बंद करायचा आणि चिमट्याने माझ्या पोटात नवी बारीक तार इतकी नाजूक बसवायचा, की मला गुदगुल्या व्हायच्या. माणूस हाताचा फार चांगला. फक्त त्याला एक खोड होती. थांबलेली वस्तू त्याला बघवत नसे. बंद पडलेलं घड्याळ समोर आलं की त्याचं जेवणावरचं मन उडायचं. थांबलं म्हणजे बिघडलं आणि चालू केलं म्हणजे दुरुस्त झालं, एवढंच त्याचं शास्त्र.

घरात तिसरी होती अक्का, घड्याळजीची थोरली बहीण. साठीला आलेल्या भावाला ती अजूनही बाळ्या म्हणायची. साबणाच्या कारखान्यात तीस वर्षं वास तपासायची नोकरी करून ती निवृत्त झाली होती, आणि तेव्हापासून तिचं नाक घरच्या कामाला लागलं होतं. दूध नासायच्या आदल्या दिवशी तिला कळायचं. त्यामुळे घरात तिला मान होता आणि थोडा तापही होता.

मग एक दिवस घड्याळजीच्या बायकोला मोठं काम मिळालं. एका दवाखान्याला साठ एप्रन हवे होते, महिन्याभरात, कडक इस्त्री करून. इतकं मोठं काम तिला आयुष्यात पहिल्यांदाच मिळालं होतं. तिने नवी, वजनदार इस्त्री आणली. मशीन चालू, इस्त्री चालू, वर पंखा, आणि त्याच वेळी न्हाणीघरात पाणी तापवायचा हीटर. एवढा सगळा भार माझ्या एकट्याच्या पोटातून जायचा. मी काय करणार? उडालो.

"अहो, गेली लाइट."

"आलो."

दुसऱ्या दिवशी परत. त्याच आठवड्यात तिसऱ्यांदा. चौथ्या वेळी ती हातातला एप्रन खाली ठेवून रडवेली झाली. "हे असंच चाललं तर माझे एप्रन होतात कसे? पहिलंच मोठं काम आणि माझी फजिती होणार."

घड्याळजीला ते बघवलं नाही. बायकोचे डोळे आणि थांबलेलं मशीन, दोन्ही एकदम समोर. त्याने जुन्या टेबलफॅनची वायर सोलली, आतल्या तांब्याच्या तारा काढल्या, चांगल्या पीळ देऊन दोरीसारख्या जाड केल्या आणि माझ्या पोटात घट्ट आवळल्या. "आता बघतो कसा उडतो ते," तो म्हणाला.

त्याला वाटलं, त्याने मला धडधाकट केलं. खरं तर त्याने पहारेकऱ्याच्या तोंडात बोळा कोंबला होता. त्या दिवसापासून मी उडूच शकत नव्हतो. घरावर काहीही येवो, मी गप्प.

घरात मात्र आनंदीआनंद. "बघा, एकदाही गेली नाही," बायको म्हणायची. एप्रनच्या चळती चढायला लागल्या. घड्याळजी गिऱ्हाइकांना रंगवून सांगायचा, की वायरमन लोक उगाच बाऊ करतात. शेजारच्या काकू म्हणाल्या, "आमचाही फ्यूज तेवढा बघाल का?" याने लगेच एप्रन संपल्यानंतरच्या रविवारचा वायदा केला. ते ऐकून मला घाम फुटला असता, पण चिनी मातीला घाम येत नाही.

इकडे भिंतीच्या आतली वायर रोज तापत होती. ती जुनी होती आणि एवढ्या ओझ्यासाठी घातलेलीच नव्हती. इस्त्री जिथे लावायचे तो सॉकेट आधीच सैल झाला होता. प्लग जरा हलवला की आत चर्र व्हायचं. बायको म्हणायची, "हा जरा वाकडा धरला की बरा चालतो." अशी वाक्यं ऐकली की आमच्या जातीच्या अंगावर काटा येतो. मला सगळं कळत होतं. ओरडण्याची माझी एकच रीत होती, आणि तीच काढून घेतली होती.

बाराव्या दिवशी अक्का म्हणाली, "मासळीचा वास येतोय."

या घरात मासळी कोणालाच आवडत नव्हती, त्यामुळे आणायचा प्रश्नच नव्हता. तरी फ्रिज धुतला. कपाटाखाली काठी घालून बघितलं. शेजारच्या मांजरावर आळ आला. दोन दिवसांनी अक्का पुन्हा तेच म्हणाली. घड्याळजी हसला.

"अक्का, तुझ्याबरोबर तुझं नाकही निवृत्त झालंय."

"माझ्या नाकावर कारखान्याने तीस वर्षं भरवसा ठेवला, बाळ्या. तुझ्या अकलेवर कोणी ठेवला ते सांग."

एकोणिसाव्या दिवशी भर दुपारी बायको इस्त्री करत होती. बावन्न एप्रन तयार होते आणि त्यांची चळत टेबलावर भिंतीला टेकून इतकी उंच झाली होती, की सॉकेट तिच्या मागे पार झाकला गेला होता. अक्का खोलीत आली. काही न बोलता तिने भिंतीला नाक लावलं आणि हुंगत हुंगत सरकायला लागली. चळतीपाशी थांबली. दोन्ही हातांनी एप्रन बाजूला ओढले.

मागचा बोर्ड तपकिरी झाला होता. प्लास्टिक मऊ पडून ओघळलं होतं. एका एप्रनवर करपल्याचा पिवळा डाग होता आणि सॉकेटच्या भोकातून धुराची बारीक रेघ वर जात होती.

बायकोने प्लग उपटायला हात पुढे केला. अक्काने तिचं मनगट धरलं. "हात लावू नकोस. बाळ्या, मेन बंद कर. आधी मेन."

तो धावत आला आणि मेन बंद झाला. पंखा हळूहळू थांबला. घर इतकं शांत झालं, की दुकानातली सगळी घड्याळं ऐकू येत होती. बावन्न एप्रन, तीन माणसं आणि भिंतीतला तो निखारा, यांच्यात आता फार अंतर उरलं नव्हतं, हे सगळ्यांनाच कळलं.

आणि एवढं होऊनही आमच्या शहाण्याने काय केलं? खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढला. "जरा उघडून बघतो, मेन तर बंदच आहे."

बायको त्याच्या समोर येऊन उभी राहिली. "अहो, एप्रन गेले खड्ड्यात. मला तुम्ही धड हवे आहात. ठेवा ते खाली."

त्याने ठेवलं. आणि फोन केला.

जुना वायरमन आता राहिला नव्हता. आली ती तरुण बाई होती. खांद्याला पिशवी, गळ्यात सरकारी परवान्याचं कार्ड. मेन बंद आहे असं तिघांनी सांगितलं, तरी तिने स्वतः टेस्टर लावून बघितलं. तिथेच ती मला आवडली. मग तिने मला बाहेर काढलं, उलटं केलं आणि माझ्या पोटातली ती दोरी बघून भुवया वर नेल्या.

"काका, हे कोणी केलं?"

घड्याळजीने एकदा छताकडे बघितलं. "मीच."

"घड्याळं दुरुस्त करता ना तुम्ही? म्हणजे थांबलेलं तुम्हाला चालत नसणार." तिने मला त्याच्या तळहातावर ठेवलं. "हा बिघडला नव्हता, काका. भार जास्त होतोय, हे चार वेळा तुम्हाला सांगत होता. तुम्ही त्याचं तोंड बांधलंत."

इतक्या वर्षांत माझी बाजू घेणारं हे पहिलंच माणूस. माझ्या पितळी स्क्रूंना अगदी भरून आलं.

मग अक्काने मासळीचं विचारलं. "तापलेलं प्लास्टिक कधी कधी नाकाला तसंच लागतं," ती बाई म्हणाली. "तुमचं नाक चुकलं नव्हतं." अक्का मुळीच म्हणाली नाही की मी सांगत होते. ती फक्त भावाकडे बघत राहिली, चांगली मिनिटभर. तो चष्मा पुसत बसला.

पुढचे दोन दिवस भिंती खोदल्या. करपलेली वायर निघाली, इस्त्रीला आणि हीटरला वेगळी लाइन मिळाली, अर्थिंग नीट झालं. माझ्या जागी नव्या बटणांची पेटी आली. भार वाढला की बटण आपोआप खाली पडतं आणि कारण मिटलं की बोटाने वर करायचं. त्यात एक बटण असं आहे, की कोणाला शॉक बसायला लागला तर पापणी लवायच्या आत वीज तोडतं. मान्य आहे, पोरं हुशार आहेत. पण उडण्यात जो थाट होता तो पडण्यात नाही.

एप्रन दोन दिवस उशिरा गेले. दवाखान्याने कुरकुर न करता घेतले आणि पुढचं कामही दिलं. डागाचा एप्रन घरीच राहिला, बायको तोच घालून शिवायला बसते. रविवारी घड्याळजी शेजारी गेला, पण हात हलवत. बरोबर वायरमनबाई होती.

मी आता त्याच्या कामाच्या टेबलावर असतो, भिंग आणि चिमटा यांच्या मध्ये. माझ्या पोटात त्याने पुन्हा बारीक तार बसवली आहे, माझ्यातून वीज जात नसली तरी. तसं त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

माझं तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. तुमच्या भिंतीवर माझा एखादा भाऊबंद असेल तर तो उडाल्यावर खुशाल शिव्या द्या, पण त्याच्या पोटात जाड तार घालू नका. बोर्डाला हात लावून गरम लागला, भलता वास आला, नळाला हात लावताच मुंग्या आल्या, तर वाट बघू नका. मेन बंद करा आणि परवाना असलेल्या माणसाला बोलवा.

परवा सकाळीच मागच्या खोलीतून हाक आली. "अहो, इस्त्रीचं बटण पडलं. दुसऱ्यांदा."

घड्याळजीचा हात सवयीने स्क्रू ड्रायव्हरकडे गेला. वाटेत मी होतो. तो थांबला आणि माझ्याकडे बघत राहिला. मीही बघत होतो. मग तो हात फोनकडे वळला.

"ताई, बटण दोनदा पडलं. दुसऱ्यांदा पडल्यावर मी वर केलेलं नाही. हे माझं काम नाही, तुम्ही या."

अक्का दारात उभी होती. तिने नाक वर करून एक मोठा श्वास घेतला आणि म्हणाली, "आता कसा घरात बरा वास येतोय."