कार्पेटखालची तार

बोलतेय ती मी एक तार आहे. वीतभर लांब, करंगळीएवढी जाड, अंगावर काळं आवरण आणि टोकाला तांब्याची कडी. तुम्ही मला पाहिलेलं असणं शक्य नाही. एका मोठ्या, महागड्या गाडीत, चालकाच्या शेजारच्या सीटखाली, कार्पेटच्याही आत माझं आयुष्य गेलं. मला दिसायचं काहीच नाही. ऐकू मात्र सगळं यायचं, आणि ऐकायची मला पहिल्यापासूनच भारी हौस.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. तिथे बायका ओळीने बसून तारा सोलायच्या आणि त्यांना कड्या बसवायच्या. माझ्या वाट्याला आलेली बाई प्रत्येक तार दोन्ही हातांनी खेचून बघायची. "तुटायची ती इथंच तुटू दे," असं शेजारणीला म्हणायची. मी तुटले नाही. तिने मला पेटीत ठेवलं आणि पुढची तार हातात घेतली.

मग गाड्यांचा कारखाना. तिथे माझी कडी गाडीच्या तळाच्या पत्र्यावर ठेवली गेली, वरून बोल्ट आला आणि मशीनने तो करकचून आवळला. कुठेतरी टिंग वाजलं, म्हणजे काम झालं. कडीखाली मला अर्ध्या भागात गार पत्रा लागत होता आणि अर्ध्या भागात काहीतरी गुळगुळीत. नवी जागा अशीच असणार, असं मला वाटलं. विचारणार तरी कोणाला?

माझं काम अगदी साधं. बॅटरीतून निघालेली वीज दिव्यांत, काचांत, डॅशबोर्डवरच्या पडद्यात जाते. तिला परत यायलाही रस्ता हवा. तो रस्ता गाडीच्या पत्र्यातून जातो आणि पत्र्यात शिरायचं दार म्हणजे मी. वायरिंगवाले मला 'अर्थ' म्हणतात.

गाडी घेतली ती दातांच्या एका डॉक्टरीणबाईंनी. त्यांचा नवरा बोटीवर इंजिनियर, वर्षातले आठ महिने समुद्रात. घरात त्या आणि त्यांचे सासरे. सासऱ्यांना सगळे अप्पा म्हणत. अप्पांचे गुडघे इतके दुखायचे, की जुन्या बुटक्या गाडीतून उठताना त्यांना दोघांनी धरावं लागे. म्हणून ही उंच गाडी. शिवाय गाडी चालवायला एक ड्रायव्हर होता. फाटक अरुंद, गाडी अवाढव्य, तरी तो ती बंदरातून जहाज काढावं तशी अलगद बाहेर काढायचा. अप्पांनी पहिल्याच दिवशी त्याचं नाव ठेवलं कप्तान. "मुलगा बोटीवर आहे, पण कप्तान आमच्या घरी आहे," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत.

अप्पांनी अडतीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासली होती. शेजारच्या सीटवर बसून ते रस्त्यावरच्या पाट्या मोठ्याने वाचायचे आणि त्यातल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका काढायचे. बसल्या बसल्या त्यांचं पहिलं काम एकच. बटण दाबून सीट पार मागे घ्यायची आणि पाय लांब करायचे; उतरताना ती पुन्हा पुढे. सीट सरकली, की मला किंचित ओढ बसायची. गुदगुल्या झाल्यासारखं वाटायचं. मला ते आवडायचंसुद्धा.

आठेक महिने बरे गेले. मग गाडीला काहीतरी व्हायला लागलं.

चालता चालता गाणं बंद पडायचं आणि कप्तान म्हणायचा, "अप्पा, पडदा गेला." कधी कडक उन्हात वायपर सुरू व्हायचे. एकदा चारही काचा आपोआप खाली गेल्या आणि अप्पांची टोपी उडून मागच्या स्कूटरवाल्याच्या मांडीवर पडली. कधी सकाळी बॅटरी ठार मेलेली असायची. मला राहून राहून कुतूहल वाटायचं. एवढ्या मोठ्या गाडीत नेमकं कुठे, कोण बिनसलंय? मी मनातल्या मनात एकेकावर संशय घ्यायचे. कधी पडद्यावर, कधी बॅटरीवर. स्वतःवर मात्र कधीच घेतला नाही.

कप्तान पूर्वी रुग्णवाहिका चालवायचा. तिथे प्रत्येक फेरी वहीत लिहावी लागे. ती सवय त्याने इथेही सोडली नव्हती. फेरी संपली, की डॅशबोर्डच्या खणातून वही काढायचा आणि शब्द पुटपुटत लिहायचा. "आप्पांना घेऊन वाचनालय. पडदा बंद. काच खाली." किंवा, "म्याडम एकट्या, क्लिनिक. गाडी ठिक."

गाडी सर्व्हिस सेंटरला तीनदा गेली. एकदा बॅटरी बदलली, एकदा पडदा. तिथला सल्लागार फार गोड बोलायचा. त्याचा माणूस स्कॅनर लावून गाडी एक चक्कर फिरवून आणायचा आणि सल्लागार सांगायचा, "मॅडम, कॉम्प्युटरला काहीच दोष दिसत नाही." तिसऱ्या वेळी त्याने आवाज जरा खाली आणला. "कधी कधी काय होतं, गाडी उभी असताना कोणी आत बसून एसी लावतं, झोप काढतं. सिस्टिमवर ताण येतो. मी कोणाचं नाव घेत नाही."

कप्तान दार धरून तिथेच उभा होता. त्याच्या हातातल्या किल्लीचा आवाज तेवढा मला आला.

मी सगळं ऐकणारी. गाडी उभी असताना कप्तान कधीच आत बसायचा नाही, हे मला पक्कं माहीत होतं. डॉक्टरीणबाई क्लिनिकमध्ये असल्या, की तो समोरच्या झाडाखाली बाकावर बसायचा. पण मी सांगणार कशी?

मग तो प्रसंग झाला. डॉक्टरीणबाई मागे, अप्पा पुढे, आणि भर चौकात गाडी एकदम मुकी झाली. इंजिन बंद, दिवे बंद. मागून ट्रकचा हॉर्न वाजत जवळ आला आणि ब्रेक किंचाळले. ट्रक थांबला, पण डॉक्टरीणबाईंचा श्वास कितीतरी वेळ जोरजोरात चालू होता. कप्तानने उतरून दोघांना आधी रस्त्याच्या कडेला नेलं आणि मग चार लोकांना हाक मारून गाडी ढकलली.

दुसऱ्या दिवशी क्लिनिकसमोर गाडी थांबल्यावर डॉक्टरीणबाई उतरल्या नाहीत.

"कप्तान, तुम्ही दुसरीकडे काम बघा."

"मॅडम, मी गाडीत झोपत नाही."

"मी तसं म्हटलेलं नाही."

"मग?"

"काल अप्पा होते गाडीत," एवढंच त्या म्हणाल्या. कप्तानने गाडी घरी नेऊन लावली, पायपुसण्या झटकल्या, काच पुसली आणि तो गेला. वही खणातच राहिली.

आता डॉक्टरीणबाई स्वतः गाडी चालवू लागल्या, आणि गाडी सुतासारखी सरळ झाली. पडदा जाईना, काच पडेना, बॅटरी मरेना. दोन आठवडे झाले, तीन झाले. त्या फोनवर नवऱ्याला म्हणाल्या, "वाईट वाटतं, पण सल्लागाराचं खरं होतं. तो गेला आणि सगळं थांबलं." हे ऐकून मीही गोंधळले. जे घडलंच नव्हतं त्याचा पुरावा गाडी रोज देत होती.

अप्पा तेव्हा गाडीत नसायचे. कप्तानला काढल्याचा त्यांना राग आला होता. "मी रिक्षाने जाईन," असं सुनेला सांगून ते खरंच रिक्षाने जात. सून-सासऱ्यांत भांडण झालं नाही, पण गाडीत अप्पांचा विषय निघाला, की डॉक्टरीणबाई गाणं मोठं करायच्या.

शेवटी गुडघ्यांनी अप्पांना नमवलं. हाडांच्या डॉक्टरांकडे जायचं होतं आणि रिक्षात पाय दुमडेना. ते कुरकुरत गाडीत चढले, बटण दाबलं, सीट मागे घेतली. मला ओढ बसली. दोन वळणं गेली आणि गाणं बंद पडलं.

डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर दोनदा टकटक केली.

"आता कप्तान कुठे आहे?" अप्पांनी विचारलं.

दवाखान्यात गर्दी होती. नंबर यायला अर्धा तास होता. डॉक्टरीणबाई अप्पांना गारव्यात बसवून, इंजिन चालू ठेवून आत नाव नोंदवायला गेल्या. अप्पांना रिकामं बसवेना. त्यांनी खण उघडला, वही काढली आणि खिशातलं लाल पेन उघडलं. लिहिलेला कागद दिसला, की त्यांचा हात शिवशिवायचा.

"'ठिक' नाही रे बाबा, 'ठीक'. दीर्घ." पान उलटलं. "'म्याडम'? असो." पुन्हा पान उलटलं. "आणि मला किती वेळा 'आप्पा' करशील? अप्पा. ऱ्हस्व अ." पेन चरचरत होतं. "अप्पा. पडदा बंद. अप्पा. वायपर. अप्पा. काच खाली..."

पेन थांबलं.

अप्पांनी वही पहिल्या पानापासून पुन्हा वाचायला घेतली, या वेळी सावकाश. "मॅडम एकट्या, गाडी ठीक. मॅडम, दोन पाहुण्या मागे, गाडी ठीक. गाडी धुवायला नेली, ठीक." त्यांनी लाल खुणा मोजल्या. स्वतःचं नाव तेवीस ओळींत सुधारलं होतं आणि त्या तेविसांतल्या एकवीस ओळींत काही ना काही बिघाड होता. जिथे नाव नव्हतं, तिथे पेन लावण्यासारखं 'म्याडम' आणि 'ठिक' यांशिवाय काहीच नव्हतं.

मग त्यांनी सीट पुढे घेतली. गाणं सुरू झालं. मागे घेतली, थोडे रेलले. गाणं बंद. पुढे. सुरू.

"म्हणजे मीच की," अप्पा स्वतःशी म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी दार उघडलं, तेव्हा ते पुढे-मागे, पुढे-मागे करतच होते. "सूनबाई, दोष सापडला," ते म्हणाले. "त्याचे गुडघे दुखतात आणि तो शेजारच्या सीटवर बसतो."

दवाखाना राहिला बाजूला. गाडी तडक सर्व्हिस सेंटरला गेली. सल्लागार गोडसं हसत आला. अप्पांनी एकच विचारलं, "तुमचा माणूस गाडी फिरवून आणतो, तेव्हा या सीटवर कोण बसतं?"

"कोणी नाही. चालवणारा एकटाच असतो."

"आज मी बसतो."

एक टेक्निशियन मुलगी पलीकडे काम करत होती. ती हात पुसत आली. "आजोबा, पुन्हा एकदा मागे घ्या बरं सीट." अप्पांनी घेतली. "पुढे. आता मागे." तिने आणखी काही विचारलं नाही. चार बोल्ट काढले, सीट उचलून बाहेर ठेवली आणि कार्पेट वर केलं.

गाडीत लागल्यापासून माझ्यावर पहिल्यांदाच उजेड पडला. कारखान्यानंतर मी पहिल्यांदा माणसाचं तोंड बघितलं. कपाळावर ग्रीसचा डाग आणि डोळ्यांत नुसती उत्सुकता. तिने मला बोटाने हलवलं. मी हलले. एवढी करकचून आवळलेली मी, दुधाच्या दातासारखी हलले.

"अर्थ सुटलाय," ती म्हणाली.

"कशाचा?" अप्पांनी विचारलं.

"गाडीचा."

"मी आयुष्यभर वाक्यांचे सुटलेले बघितले. गाडीचाही सुटतो, हे नवीन आहे."

तिने बोल्ट काढून दाखवला. कडीखाली पत्र्यावरचा रंग खरवडायचा राहून गेला होता. अर्ध्या जागेवर रंग तसाच होता आणि त्याच्या कडेने हिरवट बुरशीसारखं काहीतरी साचलं होतं. सीट मागे गेली, की मी उचलली जायचे आणि विजेचं दार बंद व्हायचं. कधी अर्धवट उघडं राहायचं, मग गाडीतली यंत्रं रात्रभर जागी राहून बॅटरी खायची. ज्या गुदगुल्या मला आवडायच्या, त्यांनीच हे सगळं केलं होतं.

बाहेरच्या हॉलमध्ये त्या दिवशी याच मॉडेलच्या गाड्यांचे आणखी तीन मालक बसले होते. एकाची डिकी प्रत्येक सिग्नलला उघडायची. एका बाईंना सल्लागाराने सांगितलं होतं, की तुमच्या पर्समधली किल्ली चुकून दाबली जाते. अप्पा वही घेऊन त्यांच्याकडे गेले आणि प्रत्येकाला विचारलं, "तुमच्या शेजारी कोण बसतं?" सल्लागाराने अडवून बघितलं, पण अप्पा खुर्ची ओढून बसलेच. त्या आठवड्यात त्या मुलीने आमची धरून चार गाड्यांची कार्पेटं उचलली. बाकीच्या तिन्हींतही तोच रंग निघाला. पुढे कंपनीने सगळ्या मालकांना पत्र पाठवलं, असं मी ऐकलं. कारखान्यात नेमकं कोणाच्या हातून काय राहिलं, हे मात्र मला कधीच कळलं नाही.

माझ्या जागी नवी तार लागली. अप्पांनी मला मागून घेतलं आणि प्लास्टिकच्या पिशवीत घालून खिशात ठेवलं. सून-सासरे कप्तानच्या घरी गेले. तो पुन्हा रुग्णवाहिकेवर लागला होता आणि नुकताच कामावरून आला होता. डॉक्टरीणबाई दारातच म्हणाल्या, "माझी चूक झाली. तुम्ही परत या."

कप्तानने मला हातावर घेतलं. उलटसुलट करून बघितलं. "एवढीशी?" तो म्हणाला. मग मान वर केली. "मॅडम, तुम्ही मला विचारलं असतंत, तर मी वही दाखवली असती. तुम्ही विचारलं नाहीत. एकदम सांगितलंत."

"हो," त्या म्हणाल्या.

"राग नाही. पण परत नाही येणार. पुन्हा तुमच्या गाडीवर बसलो, तर ती बंद पडली की पहिलं माझ्याकडे बघाल, आणि मीही तुमच्याकडे बघेन." त्याने मला पुन्हा पिशवीत घातलं. "एक काम करा. लिहून द्या. नव्या ठिकाणी विचारतात, आधीचं काम का सुटलं. मी काय सांगू?"

डॉक्टरीणबाईंनी पर्समधून क्लिनिकचं पॅड काढलं. उभ्याउभ्याच, भिंतीवर कागद धरून लिहिलं: दोष गाडीचा होता, या माणसाचा नव्हता, आणि ते ओळखायला मी चुकले. खाली सही केली. कप्तानने ते दोनदा वाचलं. अप्पा पायरीवर बसून गुडघा चोळत राहिले. निघताना ते म्हणाले, "रविवारी येशील ना?" कप्तान म्हणाला, "चहा करा. येतो."

आता मी त्याच्या कागदपत्रांच्या फायलीत आहे. एका बाजूला त्याचं लायसन्स, दुसऱ्या बाजूला ती चिठ्ठी, मध्ये पिशवीत मी. माझ्यातून वीज जात नाही. ऐकायलाही फारसं काही येत नाही, कपाटाचं दार कधी उघडतं तेवढंच.

कप्तान, माझं तुला ऐकू जाणार नाही, तरी सांगते. सगळे तुझ्याकडे बोट दाखवत होते, तेव्हा मी तुझ्यापासून हातभर अंतरावर होते आणि मला काही माहीत नव्हतं. माहीत असतं, तरी सांगता आलं नसतं. आता पुरावा म्हणून तुझ्या कागदांत पडून आहे, ते मला मान्य आहे. मात्र ही फाइल कोणालाही उघडून दाखवायची गरज उरली नाही, तुझ्या नुसत्या शब्दावर लोकांनी विश्वास ठेवला, की त्या दिवशी मला खुशाल भंगारात टाक.