इबूम तिबीची फरशी

शाळेत कुणी वारलं म्हणून शाळा कायमची बंद पडत नाही. एक दिवस सुट्टी देतात, दुसऱ्या दिवशी घंटा होते. पण ही शाळा थाई किनाऱ्याजवळ, समुद्रावर जगणाऱ्या मोकेन लोकांच्या बेटावर होती, आणि मोकेन माणूस ज्या घरात मरतं ते घर त्या घटकेपासून त्याचं होतं. जिवंत माणसांनी निमूट उठायचं आणि दुसरीकडे बांधायचं. शाळेत शिकवणाऱ्या थाई सुपत्राला हे माहीत नव्हतं असं कुणी म्हणू नये. चांगलं माहीत होतं, आणि तरी तिने आजारी म्हाताऱ्या तिबीला उचलून शाळेत नेलं.

वाऱ्याने समुद्र नुसता घुसळून काढला होता. पलीकडे किनाऱ्यावरच्या रानोंग गावच्या दवाखान्यात न्यायचं म्हटलं तर होडी बाहेर पडत नव्हती. तिबीची झोपडी भरतीच्या चिखलात खांबांवर उभी, छपरातून पाणी टपटपत होतं आणि म्हातारीची छाती खरखरत होती. अख्ख्या बेटावर कोरडी जागा एकच, ती म्हणजे शाळा. सिमेंटची फरशी, पत्र्याचं छप्पर, निळ्या फळ्यांच्या भिंती. तिबीची लेक बिया दारात उभी राहून म्हणाली होती, "बाई, राहू दे तिला इथंच." सुपत्राला वाटलं, भिडेपोटी म्हणतेय. तिने शाळेच्या होडीवाल्या प्रसोंगला हाक मारली, दोघांनी चादरीची झोळी केली आणि म्हातारीला वर नेलं. औषध दिलं, छाती शेकली, रात्रभर उशाशी बसली. पहाटे वारा पडला, आणि होडी पाण्यात ढकलेपर्यंत फळ्याखाली अंथरलेल्या चटईवर तिबी गेली.

बेटावर म्हाताऱ्या बाईला इबूम म्हणतात, म्हणजे आजी. इबूम तिबी शाळेची कुणी नव्हती, पण तिच्यावाचून शाळा उभी राहिली नसती. सुरुवातीला पोरं वर्गात यायची आणि खेकड्यांसारखी खिडकीतून पसार व्हायची. मग तिबी मागच्या बाकावर पान चघळत बसायला लागली. एकेकाच्या बखोटीला धरून आणायची, बसवायची, आणि सगळी जागेवर आली की आपल्या मोडक्या थाईत सुपत्राला सांगायची, "बसली सगळी." तिला येणारं थाई एवढंच. बाकीचं शिकायची तिला गरज वाटली नाही.

तिला पलीकडच्या बेटावर पुरून आले, आणि सोमवारी सुपत्राने झेंडा चढवून घंटा दिली. कुणी आलं नाही. पुन्हा दिली. पुळणीच्या टोकाला पोरं पाण्यात डुंबत होती, त्यांनी तिला पाहून हात हलवले आणि पुन्हा बुड्या मारल्या. राग नाही, रुसवा नाही. मोकेन भांडत नाहीत, नुसते येत नाहीत. भांडले असते तर सुपत्राला बरं वाटलं असतं, तिची जीभ भांडणात चांगली चालते.

वेळही नेमकी अशी आली होती. शाळा चालवणारी संस्था म्हणून जी काय होती ती म्हणजे सुपत्रा, प्रसोंग, त्याची लांब दांड्याच्या इंजिनाची होडी आणि बँकॉकच्या एका श्रीमंत देणगीदार बाईंचा फोन. एवढ्या बळावर सुपत्राने वर्षानुवर्षं शिक्षण खात्याचे उंबरे झिजवले होते. आता कुठे एक अधिकारी पुढच्या आठवड्यात बेटावर येऊन शाळा बघणार होता. इमारत आणि इमारतीत बसलेली पोरं दिसली, तर पोरांना खात्याचा क्रमांक मिळणार होता. या पोरांपाशी कुठल्याच देशाचा कागद नाही. क्रमांक मिळाला की रानोंगच्या मोठ्या शाळेचं दार उघडणार होतं, आणि पहिली जाणार होती ती बियाची नोला, तिबीची नात. बेटावरची शाळा तिला जेवढं देऊ शकत होती तेवढं तिने कधीच संपवलं होतं. क्रमांक नाही मिळाला, तर धक्क्यावर कोळंबी सोलायची जागा तिची वाट पाहतच होती. या वेळी शाळा रिकामी दिसली तर अधिकारी पुन्हा कशाला फिरकतोय.

प्रसोंगने डोकं चालवलं. म्हणाला, ताई, गावातून भिक्खूंना आणू, पाणी शिंपडून घेऊ, जागा शुद्ध झाली की येतील पोरं. सुपत्रालाही ते पटलं, आणि दोघं एबाब दुनुंगकडे गेली. एबाब म्हणजे आजोबा. दुनुंग बेटाचा म्होरक्या, पण ते त्याला कुणी सांगितलं तर तो इकडे तिकडे बघून म्हणेल, कोण, मी? तो होडीच्या फळ्यांमधल्या फटी बुजवत बसला होता. सगळं ऐकून तो इतका हसला की खोकला लागला.

"तुमचा भिक्खू तुमच्या भुतांशी बोलतो," तो म्हणाला. "तिबीला त्याचं काय कळणार? जिवंत होती तेव्हा तुमचंही ऐकत नव्हती."

"पण एबाब, ती का पोरांना त्रास देईल? तीच तर त्यांना धरून आणायची."

"त्रास कोण म्हणतंय? घर तिचं आहे. दुसऱ्याच्या घरात पोरं नाचवायची का?"

सुपत्राने विचारलं, मग काय करायचं. दुनुंगला प्रश्नच कळला नाही. उठायचं आणि दुसरीकडे बांधायचं, आणखी काय करायचं असतं? त्याने उभ्या आयुष्यात किती घरं अशी सोडली होती. छप्पर न्या, भिंती न्या, बाकं न्या. ती जिथं निजली ती फरशी मात्र तिची. आणि गडीमाणसं मदतीला येतील ती उधाणाची ओहोटी सरल्यावर, कारण आता खडक उघडे पडताहेत आणि खडकांतले समुद्रकाकड्यांचे जीव वेचून विकायचे हेच दिवस आहेत. उधाण सरेपर्यंत अधिकारी येऊन गेलेला असणार, हे सुपत्राने मनातल्या मनात धरलं. पोटाच्या दिवसांत त्यांना थांबवायचं तोंड तिला नव्हतं.

परतताना प्रसोंग म्हणाला, झाडाखाली वर्ग भरवू. सुपत्राने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. शाळेपाशी आल्यावर तिने साडेतीन भिंतींकडे आणि त्या चकचकीत फरशीकडे एकदा पाहिलं. चौथी भिंत अर्धीच होती, फळ्या संपल्या होत्या. याच फरशीसाठी तिने वाळूच्या गोण्या स्वतः वाहिल्या होत्या. मग ती म्हणाली, "प्रसोंग, पहार कुठे आहे?"

"कशाला?"

"छप्पर उतरवायचंय."

प्रसोंग मटकन बाकावर बसला. बँकॉकच्या मॅडमना काय सांगायचं, हा त्याचा पहिला प्रश्न होता, आणि तो काही चुकीचा नव्हता. मॅडमच्या वडिलांच्या नावाची सोनेरी पाटी भिंतीवर होती. सुपत्राने त्यांना तेव्हाच फोन लावला. मॅडमनी आधी समजुतीने घेतलं, मग अंधश्रद्धा या विषयावर बरंच ऐकवलं, आणि शेवटी विचारलं की तुम्ही त्यांना शिकवायला गेलात की त्यांच्याकडून शिकायला. सुपत्रा म्हणाली, पाटी नव्या जागी सरळ लावीन, काळजी नसावी. पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला. प्रसोंगने कपाळाला हात लावला आणि पहार शोधायला गेला.

दोघांनी पत्रे उतरवले. दोघंही पन्नाशी उलटलेली, प्रसोंगला उंचीची भीती, आणि सुपत्राला शिडीवर आपण किती जाड झालो आहोत याचा नव्याने साक्षात्कार झाला. खाली म्हाताऱ्या पान लावून बसल्या, जसा काही तमाशाच आलाय गावात. बाई वाकल्या, बाई अडकल्या, प्रसोंगचा डोळा बघा कसा मिटलाय, असं त्यांचं चाललं होतं. पण शाळेच्या सावलीत एकीनेही पाय टाकला नाही. भिंतींच्या फळ्या सुटल्या, बाकं पुळणीवर आली, झेंड्याची काठी उपटली. मागचा एक बाक सुपत्राने हलवला नाही. तिबीचा होता तो.

नवी जागा तिने बियाच्या घराशेजारी, भरतीच्या रेषेवर निवडली. जमिनीवरचं घर हे थाई माणसाचं घर, तिथं पोरं आली ती तिबीच्या धाकाने. आता धाक गेला होता, तेव्हा शाळेनेच पोरांच्या रांगेत यायला हवं होतं. खारफुटीचे खांब प्रसोंगने होडीतून ओढून आणले. चिखलात गुडघाभर रुतून दोघांनी पहिले चार रोवले आणि वर आडवं लाकूड दोरीने बांधायला घेतलं.

बिया तिच्या घराच्या सज्ज्यात जाळं विणत बसली होती. आई गेल्यापासून ती सुपत्राशी एक अक्षर बोलली नव्हती. आता तिने जाळं खाली ठेवलं.

"बाई, असं बांधलंत तर पहिल्या भरतीला शाळा तुमच्याआधी रानोंगला पोचेल."

"मग ये आणि बांध."

बिया आली नाही. तिथूनच म्हणाली, "मी सांगितलं होतं, राहू दे तिला इथंच."

सुपत्रा चिखलात उभी होती, हातात दोरी, अंगावर घाण. इतके दिवस तिला याच वाक्याची भीती वाटत होती. "सांगितलं होतंस," ती म्हणाली. "मी ऐकलं नाही. मला वाटलं, ती वाचेल."

"नाही वाचली."

"नाही वाचली. पण बिया, तुझ्याशी खोटं बोलणार नाही मी. उद्या तसंच झालं, तर मी तिला पुन्हा कोरड्यातच नेईन. आणि पुन्हा शाळा उतरवीन."

बिया कमरेचं वस्त्र वर खोचून चिखलात उतरली, सुपत्राच्या हातातली दोरी घेतली आणि तिने मारलेल्या सगळ्या गाठी सोडून टाकल्या. "आधी हे सोडायला हवं," एवढंच ती म्हणाली. डोळे पुसायला हात स्वच्छ नव्हते, म्हणून दोघींनी तसंच वाहू दिलं.

दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्या पानाचे डबे घेऊन नव्या जागी बसल्या, आणि बसल्या बसल्या हुकूम सोडायला लागल्या. हुकूम सोडून कंटाळा आला तेव्हा उठून कामाला लागल्या. खडकांवरून परतणारे गडी आपापली टोपली घरी टाकून येत आणि अंधार पडेस्तोवर खांब ठोकत. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. दुनुंगने तेवढं येऊन सांगितलं की चौथा खांब वाकडा आहे, आणि तो सरळ करून तो निघून गेला. सोनेरी पाटी सुपत्राने बोलल्याप्रमाणे सरळ लावली.

अधिकारी आला तो ऐन भरतीला. त्याचं नाव विरोज, स्वभावाने बरा, पण कागदावर जे असेल तेच डोळ्यांनी बघायची त्याला सवय. प्रसोंगने होडी थेट शाळेच्या पायरीला लावली. आत पांढऱ्या सदऱ्यांत पोरं दाटीवाटीने बसली होती, पायाखाली फळ्यांच्या फटींतून पाणी चमकत होतं आणि नोला पाढे म्हणून घेत होती. विरोजने फाइलमधला फोटो काढला, तो शाळेशी ताडून पाहिला आणि चष्मा पुसला.

"बाई, हे ते नव्हे. मंजुरीसाठी पक्की फरशी दाखवलीय तुम्ही."

"आहे ना फरशी. वर आहे. चला, दाखवते."

वाटेत सुपत्राने त्याला काही सांगितलं नाही. वर नुसती फरशी उघड्यावर पडली होती, कडेने गवत यायला लागलेलं. मधोमध तो मागचा बाक. बाकावर तिबीचा पानाचा डबा, नारळाची करवंटी आणि नीट घडी घातलेलं तिचं वस्त्र. कुणीतरी ताज्या भाताची मूठ ठेवली होती. विरोजने पाय उचलला आणि तो तसाच थांबला.

"इथं कुणी...?"

"म्हातारी होती आमची. इथंच गेली, फळ्याखाली. चढा ना साहेब, मोजमाप घ्यायचंय ना तुम्हाला?"

विरोजचा हात गळ्यातल्या ताइताकडे गेला. तोही रानोंगचाच, त्याच्याही घरी आजी होती. त्याने पाय मागे घेतला, बूट काढले, हात जोडले आणि फरशीबाहेर वाळूतच उभा राहिला.

"तुम्ही चढत नाही," सुपत्रा हळू आवाजात म्हणाली. "मग पोरांना कोणत्या तोंडाने चढायला सांगू?"

विरोज बूट हातात घेऊनच खाली आला. शाळेत जाऊन त्याने पोरं मोजली, एकेकाचं नाव विचारून उतरवलं, नोलाला जोरात वाचायला लावलं आणि मध्येच थांबवून पुढचं पान काढायला सांगितलं. नंतर खालून खांब हलवून पाहिले. पावसाळा सरायच्या आत आणखी खांब घाला, तो म्हणाला, आणि फरशीच्या रकान्यात काय लिहायचं ते मी बघतो. मुलीला नव्या सत्राला पाठवा, क्रमांक तोवर येईल. प्रसोंगने त्याला होडीत बसवताना इतका आधार दिला की तो जवळजवळ पाण्यातच पडला असता.

होडी लांब गेली. शाळेत एकच गलका उठला, बिया लेकीला घट्ट धरून बसली होती, आणि नोला म्हणत होती, आई, सोड, गुदमरले मी. सुपत्रा तिथं थांबली नाही. ती एकटीच वर गेली.

फरशीपाशी आल्यावर तिने चपला काढल्या. ती वर चढली नाही. दुसऱ्याच्या घरात न बोलावता शिरायची सवय तिने आता सोडली होती. बाहेर वाळूत उकिडवी बसली, आणि इतके दिवस कामाच्या रेट्यात मागे ढकललेलं रडणं आता भडभडून आलं. पोटभर रडून झाल्यावर तिने बाहीने तोंड पुसलं आणि त्या बाकाकडे पाहिलं.

"इबूम," ती म्हणाली, "बसली सगळी."